कळवणच्या वाटेवर उणे चाळीस

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी एकटीने गाडी घेऊन कळवणला जायचं ठरवलं. कॉलेजची मैत्रीण कुसुम तिथे राहते. वय माझं चौसष्ट, डोळे ठणठणीत. तरी मुलाने, निनादने, अट घातलीच. गाडीच्या संगणकाला जोडायचा, दोष मोबाइलवर दाखवणारा काडेपेटीएवढा स्कॅनर हातात ठेवून म्हणाला, "आई, इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर तिथूनच परत फिरायचं. आणि पुढच्या वेळेपासून ड्रायव्हर."

मी हो म्हटलं. दिवा लागेलच कशाला? दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी बॉनेट उघडून आतला कानाकोपरा मी स्वतः ओल्या फडक्याने पुसला होता.

सकाळी सातला गंगापूर रोडवरून निघाले. दिंडोरीला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव शिळा. बदलून घेतला, तुम्हीही घ्या. वणीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे एका खड्ड्यात गाडी जोरात आपटली आणि समोर पिवळा दिवा लागला.

परत फिरायचं जिवावर आलं. नांदुरीला दुचाकीच्या एका गॅरेजसमोर थांबले. मेकॅनिक दौलत चहा पीत होता. माझ्या हातातला स्कॅनर त्याने पाहिला.

"दिवा लागला का ताई? पुसून टाकू ना! मोबाइलात बटण असतं."

"घालवायचा नाहीये. का लागला ते बघायचंय."

"लय कडक हे तुम्ही," म्हणत तो उठला.

स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला, मोबाइल उघडला. दोष हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. खाली आकडा: इंजिनात शिरणारी हवा, उणे चाळीस अंश. मी घामाने निथळत होते.

दौलत डोकावला. "ताई, स्वेटर आणलाय ना?"

खरंच उणे चाळीस असते तर त्याच्या चहाचा बर्फ झाला असता. म्हणजे सेन्सरकडून निरोपच येत नसणार. बॉनेट उघडलं. हवेच्या नळीवर सेन्सर होता आणि त्याचा प्लग अर्धवट लोंबत होता.

"हितं कोणी हात घातला?"

"मी. दसऱ्याला पुसलं."

"दसरा झाला की अशा लय गाड्या येतात. पूजा आपली, सर्दी गाडीला!"

इंजिन बंद करून प्लग दाबला. टक् आवाज झाला. स्विच चालू केल्यावर आकडा छत्तीस. मग दोषाची नोंद पुसली आणि दिवा गेला. दौलतने चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. "फक्त फडकं कोरडं घेत जा," म्हणाला.

कुसुमकडे बाजरीची भाकरी, ठेचा आणि चार तास गप्पा.

संध्याकाळी घरी पोचले तर निनाद फाटकातच उभा. "लागला का दिवा?"

नोंद पुसलेली होती, खोटं सहज खपलं असतं. "लागला. परत फिरले नाही," म्हटलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझ्यामुळेच लागला!"

"गेलाही माझ्यामुळेच."

ड्रायव्हरचं नाव आता निघणार म्हणून मी तयारीत होते. जेवताना तो हळूच म्हणाला, "आई, माझ्या गाडीचा दिवा महिनाभर लागलेलाच आहे. मी वर चिकटपट्टी लावलीय."

मी पर्समधून स्कॅनर काढला. "आधी ती पट्टी काढ," म्हटलं.

ड्रायव्हरचा विषय आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही.