खिळा मारायचा नाय

खालूंना माणसांपेक्षा लाकूड प्रिय होतं, आणि हे लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

मावशीच्या नवऱ्याला कोकणी मुसलमान खालू म्हणतात. पण जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, रत्नागिरीकडच्या या सुताराला सगळेच खालू म्हणत. एका अरब व्यापाऱ्याच्या चार मजली जुन्या घराची देखभाल त्यांच्याकडे होती. आखाती युद्धात रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली, तेव्हा बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मी जेद्दा गाठलं. ओळखीने त्या घरात एक खोली मिळाली. "बँकवाले ना? पळून आलाव काय?" हे आमचं स्वागत. पाणीसुद्धा विचारलं नाही.

एका शुक्रवारी माझ्या बायकोच्या आग्रहावरून त्यांनी आम्हाला बलद दाखवलं. दाखवलं कसलं, कैदी फिरवावेत तसं फिरवलं. पोवळ्याच्या दगडांच्या त्या उंच घरांना कोरीव लाकडी जाळीच्या खिडक्या होत्या. मुलीने एका चौकटीला हात लावताच ते खेकसले. मग प्रत्येक घरापुढे तेच पालुपद : "ह्यो साग आपल्या बाजूचा. गलबतातनं आलंला."

"प्रत्येक झाड तुमच्याच गावचं का?" मी विचारलं.

"मग? तुमच्या पुण्याला बंदर हाय?"

त्यांचा एकुलता एक मुलगा कुवेतला होता. इराकी फौजा शिरल्यापासून त्याचं पत्र नव्हतं, फोन नव्हता. हे मला शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. खालू स्वतः अवाक्षर काढत नसत. रेडिओवर बातम्या लागल्या की रंधा थांबे, संपल्या की पुन्हा सुरू होई. बायकोने एकदा चौकशी केली तर म्हणाले, "तुमी तुमची पोर सांभाळा."

तेच तर मला करायचं होतं. विषारी वायूच्या भीतीने रियाधला आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. इथे खिडकी म्हणजे नुसती भोकं. माझी झोप उडाली. जाळीवर जाड प्लॅस्टिक ठोकू द्या, म्हणून मी हातापाया पडलो. उत्तर एकच : "खिळा मारायचा नाय."

पुढच्या शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि मी ठोकलं. ते परतले, पक्कड घेऊन वर आले आणि एकेक खिळा उपटू लागले. "खलास! आजच्या आज खोली खाली करा."

माझं डोकं फिरलं. "तुमचा मुलगा या खोलीत असता तर तुम्हीही मारले असते खिळे! पण तो कुठे आहे, हेच तुम्हाला ठाऊक नाही!"

खालूंनी उरलेले खिळे काढले. आमची जड पेटी स्वतः उचलून तीन जिने उतरले. जेद्दातच अझीझिया भागात माझा मित्र राहत होता, तिथला पत्ता त्यांनी टॅक्सीवाल्याला अरबीत समजावला. बायकोला म्हणाले, "पोरीच्या कानाला रुमाल बांधा. वारा लय हाय."

मी आधीच टॅक्सीत जाऊन बसलो होतो; निरोप घ्यायलाही उतरलो नाही.

जेद्दावर काहीच पडलं नाही. म्हातारा हटवादी होता, उर्मट होता, माझ्या मुलीपेक्षा त्याला एक खिडकी मोठी वाटली. हा राग अजून गेलेला नाही. नंतर बँकेच्या कामाने दोनदा जेद्दाला गेलो. दोन्ही वेळा बलदच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो. मुलगा आला का, एवढंच विचारायचं होतं. ते विचारायला मला तोंड नव्हतं.