फरकबाई

मुलांनी तिचं नाव ‘फरकबाई’ पाडलं होतं, आणि ते काही उगाच नव्हे. मुलांसाठी, तरुणांसाठी ज्या सोयी चालतात, त्यांनी समाजात नेमका काय बदल होतो हे शोधायची तिची नोकरी. त्यामुळे समोर येईल त्याला ती एकच विचारायची, “इथं येऊन तुला काय फरक पडला?”

या खेपेला एक संध्याकाळचं केंद्र होतं. जुन्या गोदामातल्या दोन खोल्या, डगमगत्या पायाचं टेबल टेनिसचं टेबल, अभ्यासाची बाकं आणि सगळ्यांना टोपणनावानं हाका मारणारी एक ताई. नगरपालिकेनं ते चालू ठेवायचं की कुलूप घालायचं, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल उद्या द्यायचा होता, आणि तो कुलपाकडे झुकत होता. मोठ्या मुलांपैकी बहुतेकांचं उत्तर एकच होतं, ‘काही फरक पडत नाही.’ ती सगळी उत्तरं तिनं स्वतःच ‘परिणाम नाही’ या रकान्यात टाकली होती.

पण जिवाला चैन नव्हती. केलेला चहा ओट्यावरच निवून गेला.

“अगं, बस की जरा,” नवरा म्हणाला. “येरझाऱ्या घालून फरशी झिजवशील.”

“फरक पडत नाही, तर रोज येतात कशाला रे ती?”

“फुकटचा पंखा मिळत असेल.”

“तुला मेलं पंख्यापलीकडे काही दिसत नाही!”

तेवढ्यात लेक बाहेर आली. “आई, उद्या माझं नाटक. येणार ना?”

“उद्या अहवाल द्यायचाय गं, राणी. बाबा येतील.”

लेकीनं ओठ मुडपले. “नको येऊस. मला काही फरक पडत नाही.” आणि दार असं आपटलं, की मांडणीतल्या कपबशा किणकिणल्या.

“बराच पडलेला दिसतोय,” नवरा पुटपुटला.

ती जागच्या जागी उभी राहिली. मग एक चप्पल पायात, दुसरी हातात, अशी जिना उतरली.

केंद्रात शिट्टी एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. सतत शिट्टी वाजवते म्हणून ताईनं या पोरीला दिलेलं हे नाव. सगळ्यांत तुसडं उत्तर तिचंच होतं.

“आल्या फरकबाई! आता काय राहिलं?”

“तू म्हणालीस, काही फरक पडत नाही. मग हे बंद झालं तर?”

चेंडू घरंगळत कोपऱ्यात गेला. “बंद? मी कधी म्हटलं बंद करा?”

“मग तसं का म्हणालीस?”

“तुम्ही विचारलंतच तसं! आम्ही आजारी होतो आणि आता औषध लागू पडलं का, असं. मग काय, तुमच्या पाया पडून सांगायचं, जन्माचं सोनं झालं म्हणून?” तिनं नाक पुसलं. “घरी एक खोली, त्यात दादा, वहिनी, बाळ. इथं येऊन मी बसते. नुसती बसते. कुणी ऊठ म्हणत नाही. याला फरक म्हणतात का?”

फरकबाईनं तिथूनच आपल्या साहेबांना फोन लावला. “अहवाल उद्या देत नाही, साहेब.”

“आकडे चुकलेत?”

“आकडे बरोबर आहेत. प्रश्न चुकला. सगळ्यांना पुन्हा विचारते.”

“अहो, नगरपालिका थांबायची नाही! परस्पर निर्णय घेऊन मोकळे होतील.”

“मग माझ्या सहीशिवाय होऊ देत.”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. नोकरी राहिली की गेली, काही कळेना. तिनं लेकीला निरोप धाडला, ‘उद्या नाटकाला येते.’ लगेच उत्तर आलं, ‘तुझी मर्जी. पुढच्या रांगेत बस.’

“कुठून सुरू करू गं?” तिनं विचारलं. बाकीची मुलं आत यायला लागली होती.

शिट्टीनं पायानंच एक खुर्ची तिच्याकडे ढकलली. “आधी बसा. उभ्यानं विचारलंत की झडतीच वाटते.”

ती बसली. पाय मात्र खुर्चीखाली हलतच होता.