माझं मटण कसं सुटलं

मी मटण सोडलं असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी काहीच सोडलं नव्हतं. मला वाढायचं बंद झालं होतं, आणि ते मला पुष्कळ दिवस कळलंच नाही.

आम्ही जळगावात, पिंप्राळ्याला राहतो. मी, माझी मुलगी आणि सासूबाई. नवरा दूध आणायला म्हणून सकाळी बाहेर पडले आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर स्कूटर उभी करून खाली बसले, ते उठलेच नाहीत. पुढचं सगळं मला दुसऱ्या कोणाच्या घरात घडल्यासारखं आठवतं. माणसं येत होती, चहा होत होता, मी ज्या खुर्चीत बसवतील तिथे बसत होते. धाकटा दीर धुळ्याला असतो. शिकलेला, सुधारलेला माणूस. त्याने सगळ्या बायकांना आधीच बजावून ठेवलं होतं, "वहिनीच्या टिकली-बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही. ते जुनं झालं." कोणी लावला नाही. मी टिकली लावून तेरावं पार पाडलं.

सुतक फिटल्यावर काही दिवसांनी दीर-जाऊ आले ते मटण घेऊनच आले. पोरगी किती दिवस आळणी खाणार, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी कांदा-खोबरं भाजलं, काळा मसाला काढला, घरभर वास सुटला. सगळ्यांची ताटं आली, माझंही आलं. माझ्या वाटीत शेवभाजी होती.

आमच्याकडे शेवभाजीचा रस्सा आणि मटणाचा रस्सा सख्खे भाऊ. तोच मसाला, तीच वर तरंगणारी लाल तर्री. एकात फोडी, दुसऱ्यात जाड तिखट शेव, एवढाच फरक. लांबून पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मी जवळून पाहत होते, तरी मला कळलं नाही. भाकरी कुस्करली, जेवले, हात धुतला. त्या दिवसांत वरण म्हणून कोणी नुसतं हळदीचं पाणी वाढलं असतं तरी मी भुरकलं असतं. पुढच्या खेपेलाही शेवभाजीच आली. नंतर कधी पाटोड्यांचा रस्सा, कधी वांगं. मी जेवत राहिले.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या. कामावर परत गेल्याचं लोकांना कौतुक वाटलं, पण ते काम माझ्यासारखीला सोयीचं होतं. "मूठ वळा, श्वास घ्या, झालं," एवढं बोललं की दिवस जातो. एकदा मला जिना चढताना गरगरलं, म्हणून लॅबच्या डॉक्टर मॅडमनी माझंच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पार खाली.

"मटण, अंडी खाता ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, सोडलंय," मी म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. कधी सोडलं? कोणाला सांगितलं? त्या दिवशी रिक्षात बसून मी मागचं एकेक जेवण आठवत गेले, आणि प्रत्येक जेवणात माझी वाटी वेगळी निघाली.

मग आणखी एक गोष्ट आठवली. सासूबाई मटण रांधतात, खात मात्र नाहीत. सासरे गेल्यापासून खात नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा हे घरात सांगायचीही गरज नव्हती. सासूबाई चहात साखर कमी घेतात, तसं ते होतं. त्या नुसत्या वासावर रस्सा जमवायच्या, मात्र मिठाचा भरवसा नको म्हणून मला हाक मारायच्या. मी तळहात पुढे करायचे, त्या पळीने थेंबभर रस्सा टाकायच्या, मी चाटून सांगायचे. आता काही महिन्यांपासून त्या माझ्या मुलीला हाक मारत होत्या. "देख व बाई, मीठ बरोबर शे का?" मी तिथेच ओट्याशी भाकऱ्या थापत उभी असायचे.

याचा राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही. बरं म्हटलं, नसेल येत.

कॉलनीत मात्र माझं नाव झालं होतं. समोरच्या बाई चार जणींत म्हणाल्या, "नवऱ्यामागे तोंडाची चव सोडली हो हिने. आजकाल कोण करतं एवढं?" मला हसू यायच्या बेतात होतं. न वाढलेल्या जेवणाचं पुण्य मिळालेली पिंप्राळ्यात मी एकटीच असेन. पण "मी काही सोडलं नाही, मला कोणी देत नाही," हे चार जणींत बोलायचं कसं? खायला मिळत नाही म्हणून रडते, असं झालं असतं.

शेवटी एका संध्याकाळी लॅबमधून सुटल्यावर मी स्टँडजवळच्या अंड्याच्या गाडीवर गेले. कोणी ओळखीचं नाही हे पाहून ऑम्लेट सांगितलं. तव्यावर अंडं पडलं, वास आला आणि मी तोंड फिरवलं. पैसे दिले, ऑम्लेट तसंच ठेवून निघाले. म्हणजे आता मलाच नको झालं होतं. हे आणखी वाईट. ज्याच्यावरून भांडायचं, तेच मला नको असेल तर मी भांडणार कशासाठी?

मग मी मुकाट्याने शाकाहारी व्हायला लागले. मॅडमनी सांगितलं तसं भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ डब्यात नेऊ लागले. उडीद घातलेली कळण्याची भाकरी, थंडीत भरीत, मेथी, तुरीच्या शेंगा. सोयाबीनच्या वड्या एकदा काळ्या मसाल्यात करून पाहिल्या, त्या मुलीने ताटाच्या कडेला लावून ठेवल्या. जेवणानंतर छातीत जळजळायचं ते थांबलं, हिमोग्लोबिन वर आलं, मॅडम खूष झाल्या. मला काही वाटलं नाही. भूक लागायची, मी जेवायचे. चांगलं चाललंय का वाईट, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

असं वर्ष गेलं. दिराच्या धाकट्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं, म्हणून आम्ही तिघी धुळ्याला गेलो. गच्चीवर मांडव, मोठ्या पातेल्यात मटण, शेजारीपाजारी, जावेच्या माहेरची माणसं. बायकांची पंगत बसली. मला आणि सासूबाईंना कडेला शेजारी शेजारी बसवलं आणि आमच्यापुढे एक लहान पातेलं आणून ठेवलं. "तुमनासाठे शेवभाजी करेल शे," जाऊ प्रेमाने म्हणाली. ती खरंच प्रेमाने म्हणाली. तिने त्यासाठी सकाळी वेगळा खटाटोप केला होता.

मुलगी माझ्या समोर बसली होती. आठवीतली पोर, दोन वेळा मटण घेऊन झालं होतं. ती आमच्या लहान पातेल्याकडे बघत राहिली, मग आजीकडे, मग माझ्याकडे. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "मम्मी, माझं लग्न झालं आणि मग पप्पांसारखं कोणाला काही झालं, तर मला पण असं बाजूला बसून शेवभाजी खावी लागेल का?"

कोणीतरी "अभद्र बोलू नये" असं पुटपुटलं. मुलगी मात्र उत्तरासाठी थांबली होती. ती मला टोचत नव्हती. तिला खरोखरच माहिती हवी होती, उद्या शाळा आहे का विचारावं तशी.

मी जावेला म्हटलं, "मला मटण वाढ."

तिने पळी उचलली आणि पाहिलं ते सासूबाईंकडे. माझ्याकडे नाही. चाळिशीची बाई मी, रोज शंभर माणसांचं रक्त काढते, घर चालवते, आणि माझ्या ताटात काय पडावं ते ही दुसरीला डोळ्यांनी विचारत होती. तेव्हा मला राग आला. वर्षभर वाट पाहिलेला राग, कानशिलं तापवीत आला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते चांगलं वाटलं.

"तिकडे काय बघतेस? मी मागतेय. वाढ."

तिने वाढलं. मी फोड तोंडात घातली. घास तोंडात नुसताच फिरायला लागला. पण समोर मुलगी बघत होती, म्हणून मी चावत राहिले आणि गिळलं. मग दुसरी फोड उचलली, तीही संपवली. त्यानंतर आजपर्यंत मी मटणाला हात लावलेला नाही. पण ते आता माझं मी सोडलंय, आणि कोणी विचारलं तर मला आवडत नाही म्हणून, असं सांगते. त्यात नवऱ्याचा काही संबंध नाही. जिवंत असते तर त्यांनीच पहिली फोड वाढली असती.

सासूबाई खाली बघून भाकरी मोडत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी आपल्या ताटातली लिंबाची फोड उचलून माझ्या ताटात ठेवली. "वर लिंबू टाक," त्या हळूच म्हणाल्या. "इतला दिन खादं नही, जड जाई."

मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "आई, तुम्हाला वाढायला सांगू का?"

त्यांनी मोठ्या पातेल्याकडे पाहिलं, निवांत, बराच वेळ. सासरे गेले तेव्हा त्या आताच्या माझ्यापेक्षा लहान होत्या.

"आते नको व माय," त्या म्हणाल्या. "तवय कोनी इचारतं, तर मी हा म्हनतू."

आणि त्या पुन्हा शेवभाजी खाऊ लागल्या. मी मात्र तिथेच, भरल्या पंगतीत, उष्ट्या हाताने रडायला लागले. जाऊ पाणी घेऊन धावली, बायका एकमेकींना सांगू लागल्या की बिचारीला नवऱ्याची आठवण आली. मी सासूबाईंसाठी रडत होते.