लोखंडासाठी रडणं

एका मालिकेतल्या अवकाशयानावर एक यंत्रमानव होता. जन्मभर सगळ्यांचं करायचा, आणि जुना झाला म्हणून त्याच्याच माणसांनी त्याला बंद केलं. वाशी गावातल्या आमच्या घरी टीव्हीपुढं बसून मी ढसाढसा रडले. सगळ्यांचं निस्तरून शेवटी अडगळीत जाणं काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

धाकट्या दिरांनी ते पाहिलं. येळवशीला, शेतातल्या पूजेच्या अवसेला, सगळं गणगोत शेतात जेवायला बसलेलं, मी आंबिल वाढत होते, तेव्हा ते मोठ्यांदा म्हणाले, "आमच्या वहिनी लोखंडासाठी रडत्यात!" पंगत खो खो हसली. मी ते मनात धरून ठेवलं.

यंदा त्यांचा जुना ट्रॅक्टर ईट गावच्या गिऱ्हाइकानं विकत नेला. दर दसऱ्याला ज्याला हार घालायचे, त्याला त्यांनी कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडताच तोंड फिरवून रडायला लागले. अंगणात सगळं गणगोत होतं. मी मुद्दाम मोठ्यांदा विचारलं, "भावजी, लोखंडासाठी कुणी रडतं व्हय?"

त्यांनी मान खाली घातली. मला दया आली नाही. त्या यंत्रमानवाला बंद करताना तरी कुणाला आली होती?