अष्टमीला बुजवलेली खांड

पदाजी पाटलांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते कोपरच्या खाडीत कमरेइतक्या चिखलात उभे राहून एका बांबूवर कोयत्याने खाच पाडत होते. त्या दिवशीची भरती कुठवर चढली, त्याची ती खूण. वर्षभराच्या तिथी त्या बांबूवर होत्या. आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून ग्रामस्थांनी मला हे लिहायला सांगितले.

खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून, ओढा खाडीला मिळतो तेथे गावाने बांध घातला. त्यात लाकडी दाराची उघाडी ठेवली. भरतीच्या रेट्याने दार आपोआप मिटावे, ओहोटीला ओढ्याचे पाणी बाहेर पडावे. मी गावचा भटजी; लिहितावाचता येत असल्याने देखरेखही माझ्याकडे होती. बांधाची शेवटची खांड, म्हणजे पाण्यासाठी मोकळी ठेवलेली फट, बुजवण्यास मी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढला.

पाटील म्हणाले, "बाबूराव, तिथ बरी हाय, पन पानी बरा नाय. अवसेचा उधान अजून उतरला नाय. आठमीला भांगाची लहान भरती लागल, पानी मंद होल. तवर थांबा."

यांना श्रेय हवे आहे, असे मला वाटले. मी नारळ फोडला, खांड बुजवली आणि दुपारच्या भरतीने तो भराव वाहून नेला. पावसाआधी बांध पुरा झाला नसता, तर त्या वर्षी गावाला भात नव्हते. काठावरची एक कोळीण ओरडली, "मुहूर्त देवाला इचारलास, खाडीला इचारलास काय रं?" सारे हसले. पाटील हसले नाहीत.

अष्टमीला ओहोटी साधून त्यांनी खांड बुजवली. तो भराव आजवर टिकला आहे. कोणी वाखाणू लागले की ते म्हणतात, "पाया बाबूरावांचा हाय." त्या हसण्यापेक्षा हे वाक्य मला अधिक टोचत आले. लोक 'पाटलांची उघाडी' म्हणत जात, आणि पूजेला बसलेला मी मंत्र चुकत असे. वीस वर्षे असेच चालले.

गेल्या महिन्यात ते माझ्या ओटीवर आले. उघाडीचे दार कुजले होते.

"दार नवा बसवाचा हाय. तिथ तुमी काढा."

"चेष्टा करता, पाटील?"

"नाय वो. पंचांग तुमचा, बांबू माझा. दोनी लागतान."

मी अष्टमीच काढली. नारळ त्यांच्या हातून फुटावा, अशी माझी विनंती आहे. टिटवाळ्याच्या गणपतीपाशी मी त्यांच्यासाठी शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य मागितले आहे. माझा हेवा अजून पुरता ओसरलेला नाही. तो ओसरेपर्यंत तरी त्यांनी मला सोबत द्यावी.