गोहरबानूची चूल

माझी थोरली जाऊ गोहरबानू भित्री होती असं कुणी म्हणालं की मी भांडायला उठते. प्रार्थना घाईत उरकली म्हणून आमच्या पुजाऱ्यांना, दस्तूर नामदारांना, चारचौघांत सुनावणारी बाई ती.

आमच्या अग्निमंदिरात दाखवायला रिकामी वेदी होती. खरा अग्नी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, भिंतीआड. आमचा धर्म न मानणाऱ्या यझद शहराच्या हाकिमाच्या माणसांनी तो शोधून विझवू नये म्हणून पणजोबांच्याही आधीपासूनची ही सोय. त्याच्यासाठी सुकी लाकडं निवडून द्यायचं काम गोहरबानूचं.

त्या दुपारी कुणीतरी चुगली केली. दस्तूर घमेल्यात निखारे घेऊन धापा टाकत आमच्याकडे आले. गोहरबानूनं चूल रिकामी केली, अग्नी तिच्यात ठेवला, वर राख ओढली. तिकडे शिपायांना खोलीत गरम राख सापडली आणि ते घरोघर शिरले.

शिपायांचा मुकादम आमच्या स्वयंपाकघरात आला. त्यानं चुलीकडे बोट केलं.

"जेवणं उरकलीत, सरकार. विस्तव राखून ठेवलाय," गोहरबानू म्हणाली. आणि बोलताबोलता तिनं सवयीनं ओढणीचं टोक तोंडावर घेतलं. श्वासानं विटाळू नये म्हणून मंदिरातल्या अग्नीसमोर आम्ही तसं घेतो. चुलीसमोर कुणी घेत नाही.

"तोंड कुणासाठी झाकलंस गं? तुमच्या बायका आम्हाला कधी लाजल्या?"

"धूर लागतो, सरकार."

"राखेचा?" त्यानं पाण्याची घागर उचलली. "उघड तोंड. फुंकून पेटव, नाहीतर ही ओततो."

साध्या चुलीलाही आम्ही पंख्यानं वारा घालतो. घाईत एखादी फुंकर मारते, तिला कुणी फाशी देत नाही. पण या अग्नीवर इतक्या पिढ्यांत कुणाचा श्वास पडला नव्हता. गोहरबानूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, त्याची लाज मला अजून वाटते.

ती वाकली. तीनदा फुंकर मारली. निखारे लाल झाले.

"चूलच आहे रे, चला," म्हणून मुकादमानं घागर खाली ठेवली.

संध्याकाळी दस्तूर अग्नी न्यायला आले. "तुझ्यामुळे जिवंत राहिला, बाई."

"जिवंत आहे ते मलाही दिसतंय. शुद्ध आहे का, ते सांगा."

दस्तूर घमेल्यात निखारे भरत राहिले.

शिपायांची धास्ती तिनं चार दिवसांत झटकली. विस्तवाची मात्र घेतली ती कायमची. पुढची सतरा वर्षं तिनं चूल पेटवली नाही. थंडीत बोटं काळीनिळी पडायची, तरी शेगडी जवळ आणली की ती तोंडावर हात घट्ट दाबून भिंतीपर्यंत मागे सरकायची.