आखणीवाल्यांची थुंकी

गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवण्याला आमच्या पेणजवळच्या जोहे गावात आखणी म्हणतात. बाबा आखणीत पटाईत होते. पंचेचाळिशीच्या आसपास त्यांना आधी दिवेलागणीनंतर दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि शेवटी त्यांचा ब्रश माझ्या हातात आला. म्हणून एका संध्याकाळी कारखान्यात मी पाटाला अडखळले, तेव्हा मला आधी बाबाच आठवले. मीही त्याच वाटेने चालले होते की काय?

रोह्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "पडदा आज ठीक दिसतोय. पण वडिलांचा आजार रक्तातून पुढे जाणारा असू शकतो. जनुकांची तपासणी करू. आधी वडिलांची करायला हवी."

बाबा म्हणाले, "माझा आता काय बघायचा राह्यलाय? हिचाच बघा." ते हटून बसले, तेव्हा माझीच करायची ठरली. तपासणी म्हणजे काय, तर नळीत थुंकायचं. एवढं मोठं विज्ञान आणि त्याची सुरुवात अशी! डॉक्टरांसमोर मला हसू आवरेना.

थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. मी चहासुद्धा घेतला नाही. पण रिकामं बसवेना, म्हणून तेवढ्यात दोन मूर्तींची आखणी उरकली, थुंकले आणि नळी पेणला जाऊन कुरियरने पाठवली. काही दिवसांनी प्रयोगशाळेतून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, नमुना काळा आहे. काही खाल्लं होतं का?"

"पाण्याचा थेंबही नाही," मी ठणकावून सांगितलं.

फोन ठेवला, तर आई माझ्याकडे बघत उभी होती. "आरशात तोंड बघ गो." आखणी करणारे आम्ही सगळे ब्रश ओठांत धरून त्याला टोक काढतो. सवय इतकी मुरलेली की रंग तोंडात जातो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हाही मी आखणीवरूनच उठले होते आणि माझे ओठ काळेकुट्ट होते. त्या दिवशी कारखान्यात हसून हसून कुणाच्या हातून सरळ रेघ निघाली नाही.

दुसरी नळी स्वच्छ गेली. रिपोर्ट आला तो चांगला जाडजूड. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. "एका जनुकात बदल सापडलाय. तो वाईट की साधा, हे आज कुणालाच सांगता येत नाही."

"मग एवढी पानं कशाची?"

"मलाही हे नवीनच आहे हो," ते मोकळेपणाने म्हणाले. त्यांनी माझ्यासमोरच प्रयोगशाळेला फोन लावला. उत्तर आलं: वडील हवेत, आणि घरातलं नजर शाबूत असलेलं एखादं म्हातारं माणूसही हवं.

असं माणूस म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमची जिते गावची आत्या. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. निरोप मिळताच ती हजर झाली, पण बाबांचं पुन्हा नाय ते नाय. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थुकायचाच हाय ना? एरवी अंगणभर थुकतोस, तवा नाय कुणाला इचारत!" बाबा मुकाट्याने थुंकले.

निकाल ऐकायला आम्ही तिघं रोह्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "तो बदल तिघांतही आहे. आत्यांची नजर ठणठणीत आहे, म्हणजे तो निरुपद्रवी." मी हसायलाच लागले, तर त्यांनी हात वर केला. "थांबा. वडिलांच्या आजाराचं खरं कारण दुसऱ्याच जनुकात सापडलंय."

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"ते तुमच्यात नाही."

मी डॉक्टरांच्या टेबलावर चढून नाचायची तेवढी बाकी होते. आत्या नर्सच्या गळ्यात पडली होती. बाबा मात्र खुर्चीतून पुढे वाकले. "परत सांगा."

डॉक्टरांनी परत सांगितलं.

"म्हंजे माझ्याकडनं हिला नाय गेला?"

"नाही गेला."

बाबांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि पुसतच राहिले. इतके दिवस ते नळीला का घाबरत होते, ते मला तेव्हा कळलं.